गच्चीवरचे कंदील

बडोद्यात पाणीगेटच्या जुन्या लाकडाच्या दुकानात मृदुलाने एक दार विकत घेतले, आणि ते घरी कसे न्यायचे याचा विचार तिने दार घेतल्यानंतर केला. दार सागवानी होते, तिच्याहून वीतभर उंच. एका अंगाला हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि दुसऱ्या अंगावर कुणा पोराने खडूने हत्ती काढला होता. रिक्षावाल्याने आधी दाराकडे पाहिले, मग मृदुलाकडे, आणि रिक्षा पुढे काढली.

"आता हे उचलायचं कुणी…" ती स्वतःशीच पुटपुटली.

"दोघांनी," मागून कुणीतरी मराठीत म्हणाले. "एकट्यानं उचलायची वस्तू नाही ती."

तिने वळून पाहिले. तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असावा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात जेवणाचा रिकामा डबा, आणि डोळ्यांत एक शांत, मोजून-मापून पाहणारी नजर.

"हे दार कुठं उघडणार आहे?" त्याने विचारले.

"कुठंच नाही. मी याचं टेबल करणार आहे."

"त्याला विचारलंत का?"

"विचारलं. आयुष्यभर उभं राहून कंटाळा आलाय म्हणालं."

तो हसला, डबा तिच्या पिशवीत ठेवला आणि दाराचे पुढचे टोक उचलले. मांडवीच्या गर्दीतून ते दोघे निघाले. मधे एवढे मोठे दार, त्यामुळे एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. दिसत होत्या फक्त त्याच्या चपला, आणि "केळ्याची हातलारी आहे, डावीकडे या," असा त्याचा आवाज येत होता. न दिसणाऱ्या माणसाशी बोलणे सोपे जाते. घडियाळी पोळेची गल्ली येईपर्यंत मृदुलाने त्याला सांगून टाकले, की ती मकरपुऱ्याला एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, की नवे टेबल परवडत नाही, आणि परवडले असते तरी कदाचित घेतले नसते.

"पोळेत कुणाकडे?"

"जयवंतरावांच्या घरी. वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्यात."

दार जागच्या जागी थांबले.

"काय झालं? हात दुखला?"

"नाही…" पुढून आवाज आला. "म्हणजे खिळा न मारण्याच्या अटीवर आलेल्या भाडेकरू तुम्हीच."

"आणि तुम्ही?"

"खिळा मारला की नाही ते बघायला ज्याला वर पाठवतात, तो नातू. समरजित."

जयवंतरावांची ती अट खरोखरच होती. त्यांचे आजोबा संस्थानाच्या फौजेत होते आणि त्यांनी बांधलेल्या या अरुंद, तीन मजली घराच्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता. एक खिळा ठोकला की पोळीएवढा पापुद्रा खाली येई. भाडे ठरवताना म्हातारे हात जोडून म्हणाले होते, "पोरी, चार दिवस उशिरा भाडं दे, पण भिंतीला दुखवू नकोस."

मृदुलाने हसून होकार दिला होता. तिच्यापुढे अडचण होती ती वेगळीच.

तिचे वडील जनार्दन रेल्वेत, गाड्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारांच्या देखभालीवर होते. ते निवृत्त झाले, आणि जानेवारीअखेर प्रतापनगरचे क्वार्टर सोडायचे होते. अमळनेरला थोरल्या काकांनी एक खोली देऊ केली होती. बाबांनी मनोमन सामान बांधूनही टाकले होते. बडोद्यात राहायचे म्हणजे भाड्याच्या घरात, आणि बाबांचे मत ठाम होते. "परक्या भिंतीला कितीही नटवा, ती आपली होत नाही. सबंध नोकरीत मी क्वार्टरला कधी रंग लावला नाही. का लावायचा?" आई पद्मा यावर काही बोलत नसे. ती फक्त भांडी जरा जास्त जोरात घासत असे.

मृदुलाने शेवटी एक गोष्ट मागून घेतली. संक्रांतीच्या दिवशी दोघांनी नवे घर बघायला यावे, आणि मगच ठरवावे. पसंत पडले तर चौघांच्या गरजेपुरते… नाही, तिघांच्या गरजेपुरते घर इथेच मांडायचे. नाही पडले तर ते अमळनेरला जातील आणि ती कारखान्याजवळ एखाद्या मुलींच्या वसतिगृहात. "चौघांच्या" हा शब्द तोंडातून का निसटला, हे तिला तेव्हा कळले नाही. हे सगळे ती समरजितला सांगत होती, आणि तो समोर बसून दाराचा हिरवा रंग खरवडत होता. तो शब्द त्याने ऐकला असावा. पण तो खाली मान घालून खरवडतच राहिला.

तो दुपारच्या सुट्टीत येई. मांडवीजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात तो काचा घासून चौकटीत बसवण्याचे काम करायचा.

"लोकांच्या डोळ्यांत बघायचा पगार मिळतो मला," तो एकदा म्हणाला.

"मग माझ्याशी बोलताना जमिनीकडे का बघता?"

"आत्ता सुट्टी आहे ना."

मृदुलाची शिफ्ट त्या महिन्यात सकाळची होती. ती दोन वाजता घरी पोहोचे तेव्हा तो जिन्यात बसलेला असे, आणि खालून जयवंतरावांचा आवाज येई, "समर, खिळा बघितलास का रे?" तो तिथूनच ओरडून सांगे, "बघतोय, आजोबा. बारकाईनं बघतोय." आणि मग अर्धा तास दोघे मिळून घर करत.

मृदुलाच्या हातांकडे पाहणे हा समरजितला लागलेला नवा छंद होता. तिच्या हातांखाली टाकाऊ वस्तू लाजत नसत. दाराला तिने लाल विटांच्या दोन ओट्यांवर आडवे केले, पॉलिश कागदाने घासून त्याला जवसाचे तेल पाजले, आणि खडूचा हत्ती मात्र तसाच राखला. भिंतीला टेकवून ठेवलेल्या बांबूच्या शिडीवर पुस्तके आणि तवे-पातेली एकमेकांशेजारी बसली. मांडवीच्या दुकानांतून बांधणीच्या कातरणांचे गाठोडे आले. त्यातल्या तळहाताएवढ्या तुकड्यांचे रंग ती असे जुळवी, की शिवून झालेला पडदा विकत आणलेल्या पडद्याला हिणवू लागे. भिंतीला खिळा नाही, तर पडद्याची काठी चौकटीत दोन्हीकडून दाबून बसवायची. तिच्या टोकांना सायकलच्या ट्यूबचे रबर लावायचे, म्हणजे घसरत नाही. अशा युक्त्या तिला कुणी शिकवल्या नव्हत्या. अडचण समोर आली की तिचे डोळे बारीक होत, खालचा ओठ दातांत जाई, आणि थोड्या वेळाने ती म्हणे, "हं… असं करून बघू."

त्या "हं"ची समरजित दिवसभर वाट पाहू लागला होता.

खिडक्यांचे काम सर्वांत सुंदर झाले. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, जवळ येत होते आणि पोळेतला पतंगवाला फाटके कागद फेकून देत होता. मृदुलाने ते मागून आणले. मैद्याची खळ शिजवायला समरजित बसला. तिने त्यात चिमूटभर मोरचूद टाकायला लावले, नाहीतर झुरळे कागद खातात. मग तिने निळ्यावर पिवळा, पिवळ्यावर गुलाबी असे एकावर एक पातळ कागद खिडकीच्या तावदानांवर डकवले. दुपारचे ऊन आत आले आणि पांढऱ्या भिंतीवर हिरव्या, केशरी रंगाचे तुकडे उमटले. समरजितने हात पुढे केला. त्याच्या मनगटावर जांभळा चौकोन येऊन बसला.

"मी दिवसभर काचा बसवतो," तो हळूच म्हणाला, "लोकांना आहे तसं दिसावं म्हणून. तुम्ही बसवलेल्या काचांतून… आहे त्याहून चांगलं दिसतं."

"भिंत?"

"भिंतसुद्धा."

मृदुला उगाचच खळीचे पातेले ढवळत राहिली. खळ केव्हाच थंड झाली होती.

एका गोष्टीची तिला मात्र खात्री वाटत नव्हती. समरजित सगळ्यांच्याच उपयोगी पडत असे. शेजारच्या अस्मिताभाभींचा गॅस संपला तरी हाक त्यालाच. कुणाची आजी दवाखान्यात, तरी तोच. मग आपल्यासाठी जे करतो आहे, ते त्यातलेच एक असेल का? आणि बाबा अमळनेरला निघून गेले, तर याच जिन्यात उद्या दुसरा भाडेकरू आणि हाच समरजित… हा विचार आला, की ती हातातले काम अधिक वेगाने करी.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिच्याकडे बांबूच्या कामट्या आणि बराच कागद उरला होता. तिने बसून कंदील केले. गोल, पंचकोनी, एक माशाच्या आकाराचा. घर तर बाबा पाहतीलच, पण गच्चीही त्यांना नटलेली दिसावी! संध्याकाळी तिने पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत आणि तिथून कठड्याच्या कोपऱ्यापर्यंत सुतळ्या ताणल्या आणि कंदील टांगले. समरजित तेव्हा दुकानात होता. त्याला तिने फोनवर एवढेच सांगितले, "उद्या सकाळी गच्चीवर या. आधी नाही."

इथेच तिची चूक झाली. पोळेत जन्मलेल्या कुणाही मुलीने ती केली नसती. पोळेतली घरे भिंतीला भिंत लावून उभी. उत्तरायणाला सगळी गल्ली गच्च्यांवर चढते, आणि आदल्या दिवशी लोक कपड्यांच्या दोऱ्यासुद्धा सोडून ठेवतात. मृदुला बडोद्यातच वाढली होती, पण रेल्वे कॉलनीत. तिथे मुले मैदानात पतंग उडवत, आणि तिच्या घरी तर हा सणच होत नसे. बाबांना त्या दिवशी कधी रजा मिळाली नव्हती.

सकाळी ती तिळगूळ वळत होती, तेव्हा डोक्यावर गलका झाला. ती वर धावली.

आकाश पतंगांनी भरले होते आणि तिच्या सुतळ्या मांज्याने. आजूबाजूच्या प्रत्येक गच्चीवरून आलेला दोरा कुठल्या ना कुठल्या कंदिलात गुंतला होता. जो तो आपापला दोरा खेचत होता, आणि प्रत्येक खेचण्यासरशी एक कंदील मधोमध चिरला जात होता. माशाचे फक्त शेपूट उरले होते.

"ओ बेन, आ शुं बांध्युं छे?" हे काय बांधलंय म्हणून पलीकडून कुणी ओरडले.

अस्मिताभाभी आपल्या कठड्यावर वाकल्या होत्या. "मृदुला, हे काय केलंस बेटा? आजच्या दिवशी अगाशीवर दोरी? इथं तर चड्ड्या वाळत घालायची तारपण काढून ठेवतात ने."

समरजित आला तो मांज्याने कापू नये म्हणून बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेलाच. त्याने एका नजरेत सगळे पाहिले. "माझी चूक आहे, भाभी," तो मोठ्याने म्हणाला. "मी यांना सांगायला हवं होतं."

"खोटं बोलू नका," मृदुला म्हणाली. "मी तुम्हाला सांगूच दिलं नव्हतं." तिने कात्री उचलली. "सगळंच कापून टाकते."

"कात्री नको."

जिन्याच्या तोंडाशी बाबा उभे होते. मागे आई, हातात हलव्याचा डबा घेऊन. मृदुलाला वाटले, आता संपले. ज्या पोळेने आईबाबांना आपले म्हणावे अशी तिची इच्छा होती, ती सगळी पोळ नेमकी याच घटकेला तिच्यावर चिडलेली होती.

बाबांनी चपला काढल्या. तोंड वर करून ते क्षणभर वारा बघत राहिले. मग कोपऱ्यातला बांबू उचलला आणि शेजारच्या गच्चीवरच्या मुलांना म्हणाले, "कुणीही ओढू नका. ढील द्या. सगळ्यांनी." त्या आवाजात असे काही होते, की सगळ्यांनी ढील दिली. बाबांनी बांबूचे टोक गुंत्याखाली घातले, वाऱ्याच्या दिशेने हलकेच फिरवले, आणि एक निळा पतंग सुटून वर गेला. मग दुसरा. मग एकदम तीन.

"क्या बात है, काका," पलीकडून दाद आली.

"तुम्ही कुठं शिकलात हे?" समरजितने विचारले.

"तारेवर," बाबा म्हणाले. "दरवर्षी आजच्या दिवशी ड्यूटी. लाइन बंद करायची, वर चढायचं आणि मांजा काढायचा. नाहीतर गाड्या थांबतात." पुढचा दोरा त्यांनी दोन बोटांत धरून सोडवला. "सगळं गाव पतंग उडवायचं. माझ्या हाती यायचा तो तारेला लटकलेला, फाटलेला. उडता पतंग हातात धरलेला नाही मी कधी."

समरजित आपल्या मांज्याच्या फिरकीकडे गेला, एक पांढरा पतंग त्याने हवेत चढवला, चांगला उंच नेला, आणि मग ताणलेला दोरा बाबांच्या हातात दिला.

बाबांनी तो धरला, आणि त्यांचे खांदे किंचित पुढे ओढले गेले. "खेचतोय की रे," ते म्हणाले. इतक्या हळू, की मृदुलाला ओठांवरूनच कळले.

आई तिळगुळाचे निमित्त करून खाली खोल्यांत गेली, आणि बऱ्याच वेळाने मृदुला तिला शोधत आली, तेव्हा ती टेबलाशी बसून भिंतीवरचे रंग बघत होती.

"मला अमळनेरला जायचंच नव्हतं," आई म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

"मग बोलायचं ना, आई."

"आज बोलते. ही खिडकी आता कोण सोडून जाईल?" तिने तळहात उन्हात धरला. मग म्हणाली, "वर तो उंच मुलगा आहे ना… त्याला तिळगूळ दिलास का गं तू?"

"देईन."

"दे. तुझ्या हाताकडेच बघत असतो तो."

दुपारी सगळ्यांनी गच्चीवरच उंधियो खाल्ला. अस्मिताभाभींनी कठड्यावरून पातेलेच दिले, आणि सकाळच्या रागाबद्दल मृदुलाच्या गालाला हात लावून हसल्या. जयवंतराव दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी चढून वर आले. बाबा त्यांच्याशेजारी बसले, बराच वेळ बोटाला झालेली चीर निरखत राहिले, आणि मग म्हणाले, "पुढच्या वर्षी ही गच्ची… आम्हाला मिळेल ना?"

"घर घेतलं की गच्ची आलीच की, जनार्दनराव."

"हो," बाबा म्हणाले. "मग घेतलं."

मृदुलाने तोंड फिरवले. सुतळीवर उरलेले माशाचे शेपूट तिने अलगद सोडवून घेतले.

ऊन कलले तशी वडीलमंडळी खाली गेली. आकाशात अजून शेकडो पतंग होते. समरजितने एक नवा लाल पतंग चढवला आणि मागे न पाहता विचारले, "फिरकी धराल?"

पलीकडे अस्मिताभाभी खोकल्या. पोळेत फिरकी कोण कुणाची धरते, याकडे सगळ्यांचे लक्ष असते. मृदुलाने फिरकी उचलली. दोरा तिच्या तळव्यांतून भरभर फिरत पुढे जाऊ लागला.

"आज तुमचं काम झालं," समरजित म्हणाला. "आता मी दुपारी आलो नाही तरी चालेल."

"हो. तुम्ही फार मदत केलीत. सगळ्यांनाच करता म्हणा."

"करतो. पण सगळ्यांसाठी जेवायची सुट्टी उपाशी काढून खळ शिजवत नाही."

फिरकी क्षणभर थांबली.

"मृदुला, मी चांगुलपणानं काही केलेलं नाही. घर नीट झालं तर तुझे आईबाबा राहतील. ते राहिले तर तू राहशील. एवढाच हिशेब होता माझा. रोज दुकानात परतताना भीती वाटायची. पडदा नीट बसला का, रंग उतरेल का… मी आमच्या घरात आजवर साधी चादर घडी केलेली नाही. आजोबांना विचार."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुझा निर्णय घरासाठी व्हायला हवा होता. माझ्यासाठी नाही. आता झालाय. म्हणून आता विचारतो. तू…"

तो वळला. दोरा बोटांत तसाच, पण नजर तिच्या डोळ्यांत, सरळ, सुट्टी नसल्यासारखी. पलीकडच्या कुठल्याशा गच्चीवरून एक काळा पतंग झेपावत येत होता. मृदुलाला तो दिसत होता. त्यालाही माहीत असणार, कारण बोटांना ताण कळतोच.

"पतंग जाईल तुझा," ती म्हणाली.

"मला 'तू' म्हणालीस."

"ऐकलंस ना? मग मागे बघ."

त्याने मागे पाहिले नाही. सगळीकडून "काय पो छे" असा पतंग कापल्याचा गजर उठला, थाळ्या वाजल्या, आणि समरजितच्या हातातला दोरा सैल होऊन गच्चीभर, कठड्यापलीकडे, शेजाऱ्यांच्या कौलांवर पसरत गेला.

"हरलास," मृदुला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती हसत होती. "बाबांना आपलं तूच सांगायचं. मी शेजारी उभी राहीन, पण बोलणार नाही."

"चालेल."

"आणि आता हा सगळा दोरा गुंडाळायला लागेल. केवढा गेलाय बघ."

"गुंडाळू."

"वेळ लागेल."

"लागू दे," समरजित म्हणाला, आणि दोऱ्याचे सैल टोक शोधत तिच्याकडे चालत आला.